जमिनीवरून शिकवलेली घोडेस्वारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. आईने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून वाचलं, मग भट्टीपाशी जाऊन तिसऱ्यांदा. घोड्यावरून पडून मोडलेलं हाड जुळलं, डॉक्टरने परवानगी दिली, तरी तीन महिन्यांत तुझा पाय रिकिबीत गेलेला नाही. तुझ्या रायडिंग स्कूलमधल्या मुलांना पाठ दुखतेय म्हणून थापा मारतेस. महिनाअखेर राजीनामा देणार म्हणतेस. आणि वर हे, की नालबंदाची मुलगी असून घोड्याला घाबरते, याची लाज वाटते. ते वाक्य मला गिळवेना. म्हणून लिहायला बसलोय.

लाजेचं म्हणतेस तर ऐक. चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले, पण घोड्याची भीती वाटली नाही असा एक दिवस गेला नाही. पाय मांड्यांत धरून आपण वाकलेलो असतो, वर घोड्याच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. माझ्या बापाच्या गुडघ्याची वाटी एका लाथेत फुटली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. लोक कौतुकाने म्हणायचे, हा घोड्यांशी काय गप्पा मारतो! गप्पा कसल्या डोंबलाच्या? गप्प राहिलो तर दात वाजायचे, म्हणून बडबडायचो. तीच बडबड तू उचललीस आणि तुझ्या शाळेत ती तुझी खासियत झाली. आईने हे सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

आता अवघड गोष्ट. तुला झोपवताना मी काळ्याची गोष्ट सांगायचो. ऐन पुरात नदी पार करणारा काळ्या, आणि त्याच्या पाठीवर तुझा बाप. अगं, काळ्या नव्हताच कधी. गोष्ट सुरू झाली की आईला हटकून खोकला यायचा, आठवतंय? काळ्याच काय, आजवर मी एकाही घोड्यावर बसलेलो नाही. गाढवावरही नाही.

पण सात वर्षांची तू गिऱ्हाइकांदेखत म्हणालीस, बाबा, मलाही शिकवा. चारचौघांत नाही कसं म्हणू? म्हातारी घोडी आपल्याकडेच पडून होती, तिचा मालक तिला न्यायला परत आलाच नव्हता. दिवसभर नाल ठोकता ठोकता मी स्वारांचं बोलणं कान देऊन ऐकायचो, आणि संध्याकाळी मागच्या मैदानात तेच तुझ्यावर ओरडायचो. टाच खाली! नजर घोड्याच्या कानांमधून पुढे! तू दुडक्या चालीने फेऱ्या मारायचीस आणि मी कुंपणाचा खांब धरून उभा. तुला वाटायचं बाबा रुबाबात टेकलाय. खांब सोडला असता तर खाली बसलो असतो. तू नजरेआड झालीस की मी टापा मोजायचो. एक टाप चुकली तरी काळजाचं पाणी व्हायचं.

तुझ्या अकराव्या वर्षी ती म्हातारी घोडी कशाला तरी बिचकली आणि उधळली, तेव्हा मी जीव खाऊन ओरडलो, लगाम दोन्ही हातांनी खेच! तू खेचलंस. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि तू जमिनीवर आदळलीस. गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी दवाखान्यात तूच मला समजावत होतीस, बाबा, मी नीट खेचलं नाही. मीही हो म्हणून मान हलवली. आठवड्याने एक म्हातारा स्वार बोलता बोलता म्हणाला की उधळलेल्या घोड्याला दोन्ही हातांनी कधी खेचू नये, एक हात ढिला सोडून त्याला गोल वळवावं. माझ्या हातातली हातोडी थांबली. घरी येऊन मी तुला काहीच सांगितलं नाही. बापाची अब्रू, दुसरं काय!

पुढे तू खऱ्या मास्तरांकडे बरोबर शिकलीस, आज मुलांना शिकवतेस. मला वाटलं, झालं, माझं पाप धुतलं गेलं. आणि आता लिहितेस की घोडा उधळला तेव्हा ऐन वेळी तुला माझा आवाज आला, खेच, आणि तुझेच हात कमी पडले. नाही गं पोरी. तेव्हाही तुझे हात कमी पडले नव्हते आणि आताही नाही. चूक मी शिकवली. ती वीस वर्षं तुझ्या अंगात बसून राहिली. तू मेली असतीस, भिंगरी.

माफी मागायला हे लिहीत नाही, ती समोर येऊन मागेन. रविवारी मी येतोय. शाळेतली सगळ्यात म्हातारी, सगळ्यात आळशी घोडी काढून ठेव. मला तिच्यावर बसायचंय. आईने वेड्यात काढलंय, आणि भीतीने मला चार दिवस जेवण जात नाहीये. तू चढायचं नाहीस, दोर धरून जमिनीवर उभी राहा, माझ्यासारखी. मी घाबरून दोन्ही हातांनी खेचणार, ते ठरलेलंच आहे. तेव्हा दया-माया न करता माझ्यावर ओरड, बाबा, एक हात सोडा! अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरड. तुझ्या कानालाही ऐकू जाऊ दे.

तुझाच,
अजून जमिनीवरचा,
बाबा