काढलेल्यालाही दिसणारा फळा

मंगळवार, ४ मार्च

धाकट्या भावाला कळलंच कसं? बाबांची गोळी काल संध्याकाळी बदलली आणि आज सकाळी त्याचा ताईला निरोप — "ही देऊ नका, मागे अंगभर पुरळ उठलं होतं." डॉक्टरांना विचारलं. खरं निघालं. गोळी परत बदलली.

चांगलंच झालं. पण कळलं कसं?

बाबा ताईकडे असतात. अर्धांगवायूनंतर वाचा गेली, भरवावं लागतं. त्यांची औषधं, रक्तदाब, कोणत्या दुपारी ताई घरी, कोणत्या दुपारी मी, कधी नुसत्या सांभाळणाऱ्या मावशी — सगळं आम्ही 'फळ्या'वर लिहितो. फळा म्हणजे आमच्याच कंपनीचं फोनवरचं ॲप. घरातल्या चौघांनी एकाच पानावर लिहायचं, सगळ्यांना लगेच दिसतं. तो नीट चालतो की नाही हे तपासायचा मला पगार मिळतो.

धाकट्याला त्या पानावरून जानेवारीत मीच काढलं. ऑपरेशन कराच म्हणून बाबांच्या उशाशी असा तावातावाने भांडला की बाबा रडायला लागले. ताई म्हणाली, "काढ त्याला. घरातूनही आणि फळ्यावरूनही."

बुधवार, ५ मार्च

हिला विचारलं, "तू सांगितलंस का त्याला?" विचारायला नको होतं.

"तुम्ही भावाशी बोलत नाही, म्हणजे मीच बोलत असणार! माझ्यावर आळ घेण्याआधी तुमच्या त्या फळ्याला विचारा." वाढलं, पण ताट आपटून.

सकाळी देवापुढे हात जोडले तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं. ओठ नाव घेत होते, डोकं गोळीपाशी.

शुक्रवार, ७ मार्च

सापडलं!

हिच्या फोनवर बाबांचा फळा उघडला. वर पानाचा लांबलचक पत्ता असतो, तो जपून ठेवला. मग माझ्या फोनवरून हिला पानावरून काढलं.

"मला काढलंत?"

"तपासण्यापुरतं."

"तुमचं लग्नापासून तपासणंच चाललंय."

हिच्या यादीतून फळा गेला. जुना पत्ता टाकला — आणि अख्खं पान समोर! गोळ्या, रक्तदाब, आजची दुपार कोणाची, सगळं. म्हणजे जानेवारीपासून धाकटा बसल्या जागी वाचतोय!

हिची माफी मागितली. "तोंडी नको, चहा करा," म्हणाली. केला.

सोमवार, १० मार्च

ऑफिसात तक्रार नोंदवली, चित्रांसकट. ज्याने फळ्याचा प्रोग्रॅम लिहिलाय तो दाढीवाला पोरगा खुर्चीत गिरकी घेत म्हणतो, "काका, काढल्यावर त्याच्या यादीत फळा दिसतो का? नाही ना? झालं तर!"

"पत्ता टाकला की उघडतो."

"एवढा मोठा पत्ता कोण जपून ठेवतं हो?"

ज्याला काढलंय तो ठेवतो! दुसरं कोण?

त्याने तक्रारीवर शेरा मारला — 'किरकोळ'.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना नुसतं 'हजर' ऐकून पुढे जात नसत. मान वर करून तोंड बघत. आमचा सर्व्हर तोंड बघतच नाही. पत्ता बरोबर आहे? ये, बस, वाच! यादीतलं नाव पुसतो आणि समजतो, माणूस गेला.

बुधवार, १२ मार्च

शेरा बदलला! आता 'किरकोळ' नाही. आता 'असंच अपेक्षित आहे'.

शुक्रवार, १४ मार्च

मॅनेजरबाईंकडे गेलो. "काका, घेऊ की पुढच्या फेरीत. आधी फळ्याचे नवे रंग द्यायचेत. लोक मागतायत."

रंग! दवाखाने या फळ्यावर लिहितात, वकील लिहितात. त्यांनीही कुणाकुणाला काढलं असेलच. ते सगळे आत बसलेत आणि आम्ही रंग देतोय.

ताईला म्हटलं, नवं पान करू. म्हणाली, "जानेवारीपासूनचं सगळं परत कोण लिहिणार? मी? तुझ्या फळ्याला कडी नसेल तर ती तू लाव." बरोबरच आहे. माझंच खातं, माझीच फजिती.

पुढच्या महिन्यात बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय. ती तारीख लिहायला हात धजत नाही. लिहिली की तो तिथे येऊन उभा राहणार. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी. ते मला बघवणार नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज डोकं फिरलं. सरळ मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये.

"मॅडम, पगारवाढीच्या फळ्यावर मला गेल्या वर्षी तपासणीसाठी घेतलं होतं. काम झाल्यावर काढलंत."

"हो. मग?"

"त्याचा पत्ता आहे माझ्याकडे. देवाशपथ उघडलेला नाही. तुमच्यासमोर उघडू?"

त्या उठल्या, केबिनचं दार लावलं. परत बसल्या. "उघडू नका, काका." पाच मिनिटांत दाढीवाला आत. रंग बाजूला!

धमकी दिल्यासारखं झालं का? झालं. संध्याकाळी देवापुढे बसलो तर तेच टोचत राहिलं. पण इतके दिवस हात जोडून सांगत होतो, ते कोणी ऐकलं?

गुरुवार, २० मार्च

झालं. आता पान उघडताना दर वेळी सर्व्हर विचारतो — तू कोण, तुला इथे येऊ द्यायचं का? हिला पुन्हा पानावरून काढून हिच्या फोनवर जुना पत्ता टाकून पाहिला. 'तुम्हाला हे पान पाहण्याची परवानगी नाही.' दहादा टाकला, दहादा तेच. किती बरं वाटलं!

दाढीवाला येऊन म्हणाला, "काका, भारी पकडलंत हां." उशिरा का होईना.

ताईला फोन केला — "लागली बाई कडी." मोठ्या डॉक्टरांची तारीख बिनघोर लिहिली.

बुधवार, २६ मार्च

ताईने फळ्यावर लिहिलंय, बाबांनी अर्धंच जेवण घेतलं. कालही तसंच. गोळीने तोंडाची चव गेली असेल. डॉक्टरांना विचारायचं.

शनिवार, २९ मार्च

ताईकडे गेलो. मावशी वाटी घेऊन बाबांपाशी बसल्या होत्या. मला बघून हळूच म्हणाल्या, "रागावू नका. धाकटे दादा यायचे. तुम्ही दोघं नसाल ती दुपार बघून. तुमच्याशी वाद नको म्हणायचे. बाबांना भरवायचे, तास-तासभर. त्यांच्या हातून वाटी चाटूनपुसून संपायची. परवा फोन आला — मावशी, कोण कधी घरी असतं ते आता दिसत नाही. म्हटलं, मी कळवत जाईन. तर म्हणाले, नको, तुमच्या कामावर गदा यायची."

मी वाटी घेतली. घास पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं नाही.