दारातला गुलाल

सोलापूर, फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप आईस अनसूयेचा नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या अक्कलकोट संस्थानात मतांची कटकट नाही, तेच बरं.

आमच्या गल्लीतले गिरणी कामगार भीमाण्णा निवडणुकीला उभे होते. पण मतं फुटून मालकांचा माणूस निवडून येईल, म्हणून दुसरे उमेदवार वकीलसाहेब, त्यांच्या पक्षानं भीमाण्णांना अर्ज मागे घ्यायला लावून बसवलं. हे म्हणाले, "मालकाचा मानूस पडाय पायजे, म्हणून वकिलाला दिलं. मनातनं न्हाय."

वकीलसाहेब निवडून आले. काल मिरवणूक निघाली, पण भीमाण्णांच्या दारी कुणी थांबलं नाही. आमच्या उंबऱ्यावर गुलाल पडला. यांनी बादली आणून तो धुतला आणि न जेवताच गिरणीत पाळीवर गेले.

अप्पांना सांग, जावई मजेत आहेत.

तुझी लेक,
अनसूया