शिंगणापूरची पेशी

सर, आमच्या घरी आलात तेव्हा तुम्ही आधी कडी शोधलीत. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे मीच वर्गात सांगितलं होतं, तरी सवयीनं तुमचा हात वर गेलाच. मग रिकाम्या चौकटीवर टकटक केलीत. मी चुलीपुढं बसून तोंडाला पदर लावून हसले. फिटंफाट झाली म्हणा, कारण दोन महिन्यांपूर्वी अख्खा वर्ग मला हसला होता.

नगरच्या कॉलेजात बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडतंय. तुम्ही अ‍ॅड्रेनलिनचा थेंब सोडता, ते पळत सुटतं. "हे पेशीच्या आत जातच नाही," तुम्ही म्हणता, "बाहेरून कडी वाजवतं. आतलं कुणीतरी निरोप पुढं नेतं." मी उठते. "सर, पन कडीच नसली तर?" हशा पिकतो. तुम्ही हसत नाही. "तुमच्याकडे पाहुणा काय करतो?" "अंगणातून हाळी देतो, सर." "मग हृदयाची पेशी शिंगणापूरचीच समज!" केवढी ऐट आली मला!

मग हृदयाला सावकाश करणारा दुसरा थेंब त्यातच टाकायचा होता. एक पळ म्हणतो, दुसरा थांब. मी न टाकताच वहीत लिहून मोकळी झाले, 'बरोबरी'. तुम्ही ओळ खोडलीत. "हृदयानं सांगायच्या आधी तू कोण सांगणारी?" कान लाल झाले माझे. थेंब टाकला, तर हृदय असं मंदावलं की बास! पळण्याचा जोर जितका जास्त, तितका थांबचा निरोप भारी पडतो, कारण दोन्ही निरोप आत एकाच्याच हातात येतात, हे तुम्ही समजावलंत.

तुम्ही आमच्याकडे आलात त्या संध्याकाळी दोन्ही निरोप घेणारा तो हात माझा होता. मामा स्थळ घेऊन ओट्यावर बसलेला, "औंदाच बार उडवून टाकू" म्हणत. लग्न ठरलं की कॉलेज संपलं. हे तुमच्या कानावर आलं, म्हणून खास ते थांबवायलाच तुम्ही धावत आलात. आबा गोठ्यात धार काढत होते. परका दिसला की आमची म्हैस पान्हा चोरायची, म्हणून तुम्हालाच काय, मामालाही तिकडं जाता येईना. शेवटची एसटी गाठायची होती. गुळाचा चहा कसाबसा पीत म्हणालात, "वडिलांना सांग, बी.एस्सी. होऊ द्या. एकच वर्ष थांबा."

मी गोठ्यात गेले. मामाचा निरोप जसाच्या तसा दिला, जोरासकट. मग तुमचा दिला. आबा मान वर न करता म्हणाले, "मास्तर येवढ्या लांबून आलं. थांबू म्हनावं." तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही पोरासारखे खूश झालात आणि छत्री आमच्याकडेच विसरून एसटीकडं पळालात. ती छत्री अजून माझ्याकडं आहे, सर. काड्या मोडल्यात, पण टाकवत नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आबाही नाहीत. हे पत्र छत्रीच्या घडीतच ठेवणार आहे. हृदयाच्या पेशीत निरोप नेमका कुठं बदलतो, हे शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि फार मजेत गेली. आमच्या गावात चोरी होत नाही म्हणतात. मी केली. गोठ्यात मी 'बी.एस्सी.' म्हटलंच नव्हतं. म्हटलं होतं, "आबा, सर म्हनत्यात, एम.एस्सी. होस्तवर थांबा."