साराची हजेरी

योहाना बाई,

तुम्ही हयात नाही, तरी लिहितेय. इथे हॅमिल्टनच्या रेस्ट होममध्ये मी तुमच्या म्हाताऱ्या साराला सांभाळते. हॉलंडमध्ये नाझींपासून लपवताना तुम्ही या ज्यू मुलीला तुमच्या वर्गात 'कॉरी' हे नाव दिलंत आणि घोटून घेतलंत, "सारा म्हणून हाक आली तरी ओ द्यायची नाही." तिच्या लेकीने सांगितलं. इतकं पक्कं का घोटलंत हो? बाकी सगळं विसरलीय, हे नाही.

आज नव्या डॉक्टरने "सारा!" म्हटलं, तशी ती पलंगाखाली शिरू लागली. मी घाईघाईने वर्गातल्यासारखी हजेरी घेतली, "कॉरी?"

"हजर," ती पुटपुटली. मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी बघून दबक्या आवाजात खेकसली, "वेडी आहेस का? खरं नाव लावून फिरतेस? काढ ती!"

काढली, बाई. पत्राखालीही नाव लिहीत नाही.

तुमच्या कॉरीची नर्स