विजेच्या गाडीचा हिशोब आणि वीस गुंठे

मी, हरिबा तातोबा निकम, वय ७५, फौजेतून निवृत्त हवालदार-ड्रायव्हर, रा. रहिमतपूर, ता. कोरेगाव, जि. सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कोणास शंका आल्यास त्याने ती कलम चारपर्यंत राखून ठेवावी.

१. राहते घर व बँकेतील ठेव चिरंजीव ऋषिराज यास.

२. पान्यांची पेटी बिराप्पा मिस्त्रीस. विजेच्या गाडीला ऑइल लागत नाही, त्यामुळे त्याचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक गेले. तरी भेटला की "आवं, हवा तरी भरून न्या" म्हणतो.

३. विजेची मोटारगाडी ऋषिराजलाच, कारण २०२३ साली ती त्याच्याच आग्रहाने घेतली. पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाख महाग, पण किलोमीटरमागे सहा रुपये वाचणार. म्हणजे पन्नास हजार किलोमीटर झाले की फायदा सुरू. माझे फिरणे महिन्याला तीनशे. त्या गतीने मी वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी फायद्यात येणार होतो. तेवढा थांबेन याची खात्री नसल्याने गाडी जास्त पळवायचे ठरवले. जायला ठिकाण नव्हते. मग शिराळ्याची धाकटी बहीण शालूबाई आठवली. तीस वर्षांत लग्नकार्याखेरीज तिच्याकडे गेलो नव्हतो. आता दर सोमवारी जाऊ लागलो. परतीला चार्जिंग पुरेल की नाही या भीतीने तिच्या घरी गाडी चार तास लावून बसायचो. आजवर तेवीस हजार किलोमीटर झाले. वाचलेल्या एक लाख अडतीस हजारांत शालूच्या मीटरवरची वीज धरलेली नाही. तिने पैसे कधी घेतले नाहीत.

४. विहिरीलगतची वीस गुंठे बागायत शालूबाईस. कारण लिहिणे भाग आहे. वडिलांमागे, १९९४ साली, मी तिला कोरेगावला नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. विहिरीवरच्या मोटरीला वीज घ्यायचा कागद आहे, असे सांगितले. चार-चार तास समोरासमोर बसल्यावर माणूस पाऊसपाण्यावर किती बोलणार? गेल्या श्रावणात सगळे सांगून टाकले. ती शेंगा फोडत होती.

"मला तवाच ठावं हुतं, दादा. चौथी शिकलीया मी."

"मग सही का केलीस?"

"तुमी जीप घिऊन न्यायला आलता. म्हायेरची गाडी दारात आली म्हणून लय हरकले हुते. त्यात कुठं भांडत बसू?"

आणि ताटातल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

ऋषिराजला सांगितले तर म्हणाला, "बाबा, वीस गुंठ्यांची किंमत धरली तर पेट्रोलचीच स्वस्त पडली असती." हिशोब बरोबर आहे. पेट्रोलच्या गाडीने मी चहा पिऊन लगेच परत फिरलो असतो.

५. शालूबाई माझ्याआधी गेल्यास हा हक्क तिची नात सृष्टी हिचा. वकिलांनी विचारले, "आजच बक्षीसपत्र का करत नाही?" मी म्हणालो, "सातबारा हातात देताना तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हाई, असं लिवा." हे कायद्यात बसत नाही म्हणून त्यांनी टाईप केले नाही. सबब हे कलम मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

सही: हरिबा तातोबा निकम

हरिबांनी आमच्या डोळ्यांदेखत वाचून, दोनदा चष्मा पुसून सही केली:
१. नाथाजी बाबू गायकवाड, रहिमतपूर
२. सिद्धू मारुती कांबळे, रहिमतपूर

रहिमतपूर, ९ डिसेंबर २०२५