खाणासुराला मूर्च्छा यावी की नाही

डिचोली

चि. गौरवीस आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक. तुझ्या बाबांचा काल फोन होता, तेही ठीक.

प्रथम एक गंभीर तक्रार. तू रचत असलेल्या नव्या खेळाचे पत्ते रबर लावून पाठवलेस. वरच्या पत्त्याला कमरेत खाच पडली असून तो पाठमोराही ओळखता येतो. गुप्तता हा ज्या विद्येचा प्राण, तिच्यात हा अनाचार शोभत नाही.

आता मुद्दा. शत्रूंना द्यायचे शाप तू माझ्याकडून लिहून घेतलेस (निवृत्त संस्कृत मास्तराला दुसरे कोण काम देणार), त्यातली 'मूर्च्छा' शत्रूची एक पाळी बुडवते. तुझ्या काकीने बाकीचे पत्ते सोडून मूर्च्छाच जमवल्या आणि शेवटचा राक्षस खाणासुर आला तेव्हा ओळीने सात टाकल्या. दोनशे प्राणांचा तो महाकाय गदा उचलण्याआधीच आडवा. मध्ये ती उठून चुलीवरचे माशाचे हुमण ढवळून आली (डाव्या हाताने, उजवा फेब्रुवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यापासून पत्ते धरण्यापुरताच चालतो), तरी हा आडवाच. हे मी तुला कौतुकाने कळवले, ही माझी चूक. तू लगेच नियम धाडलास की मोठ्या राक्षसांना कुठलाच शाप लागणार नाही.

काकी लागोपाठ तीन डाव हरली. "ताका कांयच लागना, मागीर हात कित्याक हालोवचो?" म्हणाली आणि, हात हलवायचाच कशाला म्हणून, पत्ते पेटीत घातले.

मी शिवदासला विचारले. तो पेडण्याच्या दशावतारात राक्षस करतो, म्हणजे मार खाण्यातला अधिकारी माणूस. म्हणाला, "मास्तर, राकेस डुलाक होयो. एकदम पडाक नको, नि खांबासारखो उभो पण ऱ्हवाक नको." आमच्या पुराणांचेही तेच मत. शाप देवांनासुद्धा लागतात, फक्त प्रत्येकाला उःशाप मिळतो. तेव्हा मूर्च्छा खाणासुराला लागू दे. पण शुद्धीवर आला की त्याला एक घाव मोकळेपणी घालू द्यावा, त्यानंतरच पुढची मूर्च्छा. 'विष' या शापाचा जोरही त्याच्यावर दर पाळीला निम्मा होत जावा. मग काकी जिंकेल, पण हुमण करपेल.

तुझा,
कृष्णनाथकाका

ता. क. नियम उद्याच पाठव, आणि तो तुला सुचला असे काकीला सांग.

ता. क. २. खेळाचा तोल साधला नाही तरी चालेल. डॉक्टरांनी उजव्या बोटांना रोज काम द्यायला सांगितले आहे. दाबायला दिलेला चेंडू तिने खिडकीत ठेवून दिला. पत्ते मात्र दिवसाला दहा डाव त्याच हाताने टाकायची. आज चार दिवस तो हात नुसता मांडीवर आहे. मला त्याची भीती वाटते.