सातव्या वळणावरची फट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वीचा व्हिडिओ गेम प्रोग्रॅमर आणि सध्याचा रिकामटेकडा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा लाडीगोडीने करीत नाही. वैतागून मात्र करीत आहे. वैतागून केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते, हे वकीलबाईंना दोनदा विचारून घेतले आहे. मजकूर थोडक्यात लिहावा, असेही त्या म्हणाल्या. ते जमणार नाही.

कलम १. घर.

दोन मजली राहत्या घरापैकी तळमजला माझ्या मालकीचा आहे. तो माझ्या पश्चात माझ्या पुतणीला द्यावा. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते आणि आमच्या घराण्यात स्वतःची चूक कबूल करणारी ती एकटीच आहे, म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तिलाच नेमतो. वरचा मजला तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. पुढे त्याचा उल्लेख दादा असा केला आहे. दादा आणि मी गेली एकतीस वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. तो वर काठी आपटत चालतो आणि मी खाली टीव्हीचा आवाज वाढवतो, एवढाच आमचा संवाद. पाण्याची टाकी भरली की वहिनी जिन्यात उभ्या राहून दोन्हीकडे निरोप देतात.

कलम २. बँकेतील ठेव.

ती सगळीच्या सगळी वहिनींना द्यावी. एकतीस वर्षे जिन्यात उभे राहून त्यांचे गुडघे गेले, आणि त्याला आम्ही दोघे भाऊ कारण आहोत.

कलम ३. हत्यारे.

सोल्डरिंगची दोन यंत्रे, मल्टिमीटर, चिमट्यांचा डबा आणि जुना पेटीएवढा टीव्ही हे कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्यावे. तो नेहमी मला "काका, हे आता कोण वापरतं?" असे विचारतो. आता त्यानेच वापरावे. माझ्याकडचे, टीव्हीला जोडून गेम खेळायचे दोन चालू कन्सोलही त्यालाच द्यावेत, परंतु एका अटीवर. कार्ट्रिज, म्हणजे गेमची डबी, कन्सोलमध्ये घालण्यापूर्वी तिच्यात फुंकर मारायची नाही. या विषयावर बोलून बोलून माझे तोंड दुखले. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो आणि तांब्याच्या पट्ट्या गंजतात. साऱ्या जगाला वाटते फुंकर मारली म्हणून गेम चालू झाला. तो चालू होतो कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. हे कोणीही ऐकून घेत नाही. निदान मृत्युपत्रात लिहिलेले तरी ऐकावे.

कलम ४. ‘शनीचं कडं’.

ही माझी मुख्य मिळकत, आणि सगळ्या मनस्तापाचे मूळही तीच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. ‘शनीचं कडं’ हा शर्यतीचा गेम आहे. काळ इसवी सन २९९७. शनीभोवतीच्या कड्यांवरून जमिनीला न टेकता धावणारी सहा याने, बर्फाचे दगड चुकवत, पाच मार्गांवर शर्यत लावतात. आज हा गेम कोणी फोनवर पाहिला तर हसेल. त्यातला शनी चौकटीचौकटींचा आहे. पण अख्खा गेम, संगीतासकट, आजच्या एका फोटोपेक्षाही कमी जागेत बसवला होता. एकेका चौकटीसाठी मी रक्त आटवले आहे.

कंपनी म्हणजे गादीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कोड मी लिहायचो. चित्रे दादा काढायचा. दादा मुळात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. संगणकाला त्याने जन्मात हात लावला नव्हता, पण आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने तो असा शनी काढायचा की कंपनीचे मालक खुर्चीतून उठून बघायला यायचे. त्याला तिथे मीच नेले होते. हेही नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे केले तेही मीच.

कलम ५. वाद.

गेमच्या मार्गातले प्रत्येक वळण दादा वेगळ्या कागदावर काढायचा आणि भिंती कितव्या रकान्यात आहेत ते आकडे बाजूला लिहायचा. ते आकडे पाहून मी भिंती कोडमध्ये घालायचो. अडचण एकच होती. दादा माणसांसारखा मोजायचा, म्हणजे पहिला रकाना एक. मी यंत्रासारखा मोजायचो, म्हणजे पहिला रकाना शून्य. म्हणून त्याच्या प्रत्येक आकड्यातून मला एक वजा करावा लागे. दिवसाला शेकडो वजाबाक्या. एके दिवशी माझे डोके फिरले आणि मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो, की तुझ्या मोजण्यापायी माझे आयुष्य वजाबाकीत चालले आहे. तो पेन्सिलीला टोक करत बसला.

गेम बाजारात गेला. तिसऱ्या आठवड्यात मालकांना पत्र आले की तिसऱ्या मार्गाच्या सातव्या वळणावर डाव्या भिंतीला एका चौकटीची फट आहे. यान डावीकडे घासत नेले तर ते त्या फटीतून आरपार जाते आणि थेट शेवटच्या रेषेपाशी निघते. अर्धी शर्यत गायब. तपासताना मी स्वतः शेकडो वेळा तो मार्ग चालवला होता, पण मी नेहमी उजवीकडून चालवतो. कार्ट्रिज एकदा छापली की छापली. तिच्यात नंतर काही बदलता येत नाही.

मालकांनी सगळ्यांना उभे केले आणि चूक कोणाची ते विचारले. दादा म्हणाला, "सातव्याचा कागद मी शून्यापासून मोजला होता." त्यावर मी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण ते खोलीतल्या आठ जणांनी ऐकले आणि आठही जण हसले. मी म्हणालो, "याला शून्य म्हणजे काय ते तरी कळतं का?"

दादाला त्याच दिवशी काढले. दुसऱ्या छपाईत फट बुजवायला वेळ नाही म्हणून ती तशीच राहिली, पण गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांतून दादाचे नाव मात्र काढायला सांगितले. ते मी माझ्या हाताने काढले आणि त्या जागी बारा रिकाम्या चौकटी भरल्या. दादा परत पाट्या रंगवू लागला. पुढे छापील फलक आले आणि पाट्याही गेल्या. माझी मात्र त्या गेमवर बढती झाली.

कलम ६. संग्राहक.

दर महिन्याला मला फोन करून जीव नकोसा करणाऱ्या संग्राहकाला काहीही देऊ नये. पहिल्या छपाईची, दादाचे नाव असलेली, माझ्याकडची एकमेव कार्ट्रिज त्याला हवी आहे. ती तो काचेच्या पेटीत ठेवणार, म्हणजे कोणी खेळणार नाही. तो मला "सर" म्हणतो आणि फट तुम्हीच मुद्दाम ठेवली होती ना, असे डोळा मारल्यासारख्या आवाजात विचारतो. आजकालची खेळणारी मंडळी त्या फटीतून यान नेण्याच्या स्पर्धा लावतात आणि तिला आमची कल्पकता समजतात. किती वेळा सांगायचे की ती चूक होती. हल्ली हल्लीपर्यंत मी जोडून हेही सांगत असे की चूक भावाची होती. सदर कार्ट्रिज वहिनींच्या नातवाला खेळायला द्यावी.

कलम ७. सापडलेला कागद.

मागच्या महिन्यात एका नव्या कंपनीने विचारणा केली. त्यांना ‘शनीचं कडं’ त्याच जुन्या कन्सोलसाठी पुन्हा छापायचा आहे. कंपनी बंद करताना मालकांनी कंटाळून सगळे हक्क माझ्या नावे लिहून दिले होते. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्राला मिळकतीची यादी हवी, तेव्हा मूळ कागद काढा, मोजा आणि परिशिष्टात लिहा. मी कपाटाच्या तळातली पेटी काढली. एकतीस वर्षे ती माझ्याच खोलीत होती आणि एकदाही उघडली नव्हती. कशाला उघडायची? चूक कोणाची ते मला ठाऊक होते.

तिसऱ्या मार्गाचे बाकीचे सगळे कागद नेहमीसारखे एकापासून मोजलेले आहेत. सातव्या वळणाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात, पाट्या रंगवणाऱ्याच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने लिहिले आहे : "हा कागद तुझ्यासारखा शून्यापासून मोजलाय. आता वजाबाकी करू नकोस." खाली तारीख आहे. मी ज्या दिवशी ओरडलो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी ते वाचलेच नव्हते. मी फक्त आकडे बघितले आणि सवयीने एक वजा केला. भिंत एक चौकट सरकली. माझा त्रास वाचावा म्हणून दादाने स्वतःची मोजायची रीत बदलली, आणि ती न बघता मी त्याची नोकरी घालवली. हे लिहिताना मला माझीच इतकी चीड येते आहे की दोनदा पेन खाली ठेवावे लागले. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात भावना लिहिण्याची गरज नसते. त्यांना भाऊ नाही.

कलम ८. गेमची व्यवस्था.

‘शनीचं कडं’ या गेमचे सर्व हक्क, मूळ कोड आणि सर्व आलेख-कागद माझ्या पश्चात दादाला द्यावेत. नव्या कंपनीला पुढीलप्रमाणे कळवावे. एक, गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांत दादाचे संपूर्ण नाव, चित्रकार म्हणून, सर्वांत वर घालावे. माझे त्याखाली चालेल. दोन, सातव्या वळणावरची फट बुजवायची की ठेवायची हे फक्त दादाने ठरवावे. मी त्यात तोंड घालणार नाही, अर्थात तेव्हा मला ते घालताही येणार नाही.

कलम ९. वाचून दाखवावयाचा मजकूर.

~~माझ्या मृत्यूनंतर तेरा दिवसांच्या आत वहिनींनी पुढील मजकूर दादाला मोठ्याने वाचून दाखवावा : "दादा, तू शून्यापासूनच मोजलं होतंस. चूक माझी होती. सगळ्यांसमोर तुझी लाज काढली त्याबद्दल मला माफ कर."~~

कलम ९ विषयी टीप.

वरील कलम मी स्वतः खोडले असून समासात सही केली आहे. त्याचे कारण असे. मसुदा वाचताना वकीलबाईंनी विचारले, "तुमचे दादा एकाहत्तर वर्षांचे आहेत, हृदयाचं ऑपरेशन झालंय. ते तुमच्या आधी गेले तर हे कलम कोणाला वाचून दाखवायचं?" मी म्हणालो, तशी पर्यायी तरतूद करा. त्यांनी टोपण लावून पेन टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या की अशी तरतूद कायद्यात नाही.

तेव्हा मी सातव्या वळणाचा कागद घेऊन जिना चढलो. वहिनी मध्येच उभ्या होत्या, सवयीने निरोप घ्यायला. त्यांना बाजूला व्हा म्हणालो. त्या खालच्या पायरीवर बसल्या त्या बसूनच राहिल्या.

दादा खिडकीशी बसला होता. मी कागद त्याच्या हातात दिला आणि कलमातली तीन वाक्ये बोललो. पाठ होती, तरी मधल्यावर अडखळलो. त्याने चष्मा लावून स्वतःचेच अक्षर बराच वेळ पाहिले.

"तू हे तेव्हा वाचलं नव्हतंस?" त्याने विचारले.

"नाही. परवा वाचलं."

"मी इतकी वर्षं समजत होतो की तू वाचलंस आणि नोकरी वाचवायला खोटं बोललास." त्याने चष्मा काढला. "नुसतं वाचलं नव्हतंस, होय रे?"

मी होय म्हणून मान हलवली. तो रडत होता आणि मला गाढव म्हणत होता, दोन्ही एकदमच. मला खाली येता येईना, म्हणून वकीलबाई व साक्षीदार यांना वर बोलावून घेतले. दादाला या मृत्युपत्राने लाभ होत असल्यामुळे सही करताना तो खोलीत नसलेला बरा, असे वकीलबाईंनी बजावले. त्यांना मी सांगितले की दोन ओळींच्या सहीसाठी मी त्याला आता कुठेही पाठवणार नाही. शेवटी त्यांनीच त्याला भिंतीकडे तोंड करून बसवले.

सबब, कलम ९ मधील बाब माझ्या मृत्यूनंतर करावयाची राहिलेली नाही. उरलेले मृत्युपत्र कायम समजावे. हे मी वाचून, समजून आणि चुका दुसऱ्याकडून तपासून घेऊन सही करीत आहे.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई

साक्षीदार २ : (सही) आमच्या जुन्या कंपनीखालच्या गादीच्या दुकानाचे मालक

मसुदा करणार : (सही) वकीलबाई

स्थळ : राहत्या घराचा वरचा मजला

दिनांक : १४ मार्च, दुपारी पावणेपाच